खांद्यावरचा ब्रेक

गडहिंग्लजच्या रामलिंग कासाराला एकाच गोष्टीचा गर्व होता, पण तो भारी होता. बायको मालन आणि बांगड्यांची पेटी मागे बसवून तो आजरा-नेसरीकडच्या वाड्यावस्त्या पालथ्या घालायचा, आणि त्याच्या गाडीवर म्हणे आजवर एकही बांगडी वाढली नव्हती. कासाराच्या घरात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. "रस्त्याला नावं ठेवू नयेत, गाडी हातात असावी लागती," असं तो टपरीवर चारचौघांना सुनवायचा. मालन शेजारी उभी राहून चहा फुंकायची.

काळ बदलला होता. पेट्रोलच्या गाड्या जाऊन विजेच्या आल्या होत्या, हमरस्त्यावर बिनड्रायव्हरचे टेम्पो धावत होते, आणि बांगड्यासुद्धा ड्रोनवरून अंगणात उतरत होत्या. पण लग्नाचा चुडा भरायचा म्हणजे नवरीचा हात हातात घ्यावा लागतो, अंगठ्याच्या मुळाशी हाड कुठं अडतंय ते चाचपावं लागतं, हात दाबून दाबून मऊ करावा लागतो आणि मग काच त्यावरून अलगद सरकवावी लागते. ते ड्रोनच्या बापालाही जमणारं नव्हतं. म्हणून मालनला मागणी होती, आणि मालनला मागणी होती म्हणून रामलिंगची गाडी पळत होती. हा क्रम त्याच्या लक्षात कधी आला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर तो गाडीचं सर्व्हिसिंग करून एकटाच परत येत होता. एका वळणावर म्हैस आडवी आली. म्हशीला काही झालं नाही. रामलिंग मात्र उडून शेतात पडला, मान मागे वाकली आणि मानेतल्या मज्जारज्जूला मार बसला. अशा माराची तऱ्हा विचित्र असते, असं डॉक्टरांनी समजावलं. पाय बऱ्यापैकी वाचतात आणि हात जातात. काही महिन्यांत रामलिंग काठीशिवाय चालायला लागला, खांदे उचलू लागला, कोपर वाकवू लागला. बोटं मात्र मिटेनात. कपाचा कान धरता येईना, सदऱ्याचं बटण लावता येईना, मग ब्रेकचा दांडा दाबणं तर दूरच राहिलं.

मालन पेटी घेऊन एसटीने जाऊ लागली. एसटी जिथवर जाते तिथवरची गावं तिला उरली, वाड्या सुटल्या, आणि लग्नसराई तर जवळ येत होती. रामलिंग ओसरीवर बसून ती येईपर्यंत रस्ता बघायचा. गाडी परत चालवता आली तर आपण माणूस, नाही तर ओसरीवरचं गाठोडं, असं त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

कोल्हापूरच्या पुनर्वसन केंद्रात अफसाना मुजावर नावाची तरुण इंजिनिअर होती. हात अधू झालेल्या लोकांसाठी गाड्या बदलून द्यायच्या, हे तिचं काम. तिने रामलिंगची गाडी ठेवून घेतली आणि महिन्याभरात तिचं रूपच पालटलं. हँडलच्या मुठी काढून तिथे दोन खोलगट कप बसवले. त्यात मनगटं टेकवायची आणि खांद्याने गाडी वळवायची. मनगट पुढे झुकवलं की वेग वाढायचा. हे रामलिंगला दोन दिवसांत जमलं. घोडं अडलं ते ब्रेकपाशी. पायाचा ब्रेक होता, पण मार लागल्यापासून उजवा पाय जरा उशिराच उठायचा.

"काका, ब्रेक आपण बोटांनी मारतो असं वाटतं ना?" अफसानाने त्याला समोर बसवून सांगितलं. "बोटं सगळ्यात शेवटी येतात. समोर काही दिसलं की आधी पाठ ताठते, खांदा घट्ट होतो, अंग धक्क्याच्या तयारीला लागतं. मग बोटं वळतात. तुमची बोटं गेली, पण त्यांच्या आधीचं सगळं शाबूत आहे. आपण तिथंच ब्रेक बसवायचा."

तिने त्याला सदऱ्याच्या आत घालायचा एक पट्टा दिला. खांद्यांवरून पाठीवर उतरणाऱ्या त्या पट्ट्यात नाण्याएवढ्या चकत्या होत्या. स्नायू आकसला की त्यात विजेचा अगदी बारीक तरंग उठतो, तो त्या चकत्या टिपायच्या आणि गाडीतल्या छोट्या संगणकाला कळवायच्या. गंमत अशी, की ब्रेकच्या आधी अंग नेमकं काय करतं हे त्या संगणकाला कुणी शिकवलेलं नव्हतं. ते त्याने स्वतःच शिकायचं होतं. रामलिंग पायाचा ब्रेक दाबेल तेव्हा त्याच्या क्षणभर आधी चकत्यांवर काय दिसलं, ते संगणक बघायचा. ज्या खुणेमागोमाग ब्रेक येतो, ती खूण पक्की धरायची. मग पुढे पुढे पायाची वाट न बघता, ती खूण दिसताच त्याने स्वतः ब्रेक लावायचा.

"त्यामुळे नेहमी चालवता तशीच चालवा," अफसाना म्हणाली. "वेगळं काही करू नका."

रामलिंग नेहमी कसा चालवायचा? मालनला मागे बसवून. त्याने हाक मारली, मालन बसली, तिने सवयीने उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवला, आणि केंद्राच्या मागच्या कच्च्या रस्त्यावर शिकवणी सुरू झाली. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. अफसानालाही नाही, आणि पुढे तिने याबद्दल स्वतःला पुष्कळ बोल लावले. तीन आठवड्यांत गाडी अशी तयार झाली की खड्डा आला रे आला की लोण्यासारखी मंदावायची. रामलिंगच्या चेहऱ्यावर जुनं तेज आलं. केंद्रातल्या चहावाल्यालाही त्याने गाडी हातात असावी लागते, हे ऐकवलं.

परवान्याच्या चाचणीला निरीक्षक हेरवाडकर होते, मिशा पिकलेले, शांत गृहस्थ. त्यांनी पट्टा बघितला, कप बघितले, कौतुकाने मान हलवली आणि मालनला म्हणाले, "ताई, तुम्ही सावलीत बसा. चाचणी एकट्याची असते."

रामलिंगने गाडी झोकात काढली. मैदानाच्या मध्यावर बाजूने रबरी पिंप घरंगळत समोर येतं आणि गाडी थांबवायची असते. पिंप आलं. रामलिंगला ते स्वच्छ दिसलं. गाडी तशीच पुढे गेली. पाय उठेपर्यंत पिंपाला धडक बसली होती आणि ते उड्या मारत कुंपणाला जाऊन लागलं होतं. साहेबांनी आणखी एक संधी दिली. पुन्हा तेच झालं. रामलिंग गाडीवर तसाच बसून राहिला, तोंडात मारल्यासारखा.

"घाई करू नका, महिनाभराने या," हेरवाडकर म्हणाले. "मी इथंच आहे."

दुपारी केंद्रावर अफसानाने पट्टा तपासला, तारा तपासल्या, सगळं ठीक निघालं. मागच्या वजनाचा प्रश्न असेल म्हणून तिने सीटवर वाळूचं पोतं बांधलं. गाडी थांबेना. शेवटी वैतागून ती म्हणाली, "काकू, तुम्ही बसा बघू." मालन बसली, आणि पुठ्ठ्याचं खोकं समोर येताच गाडी अलगद उभी राहिली. मग तिने रामलिंगला बजावलं की आता खोकं दिसलं तरी काही करू नका, डोळे आकाशाकडे ठेवा. आणि गाडी अगदी पायी चालण्याच्या वेगाने सोडायला लावली. रामलिंग आकाशाकडे बघत होता. गाडी खोक्यापाशी येऊन थांबली.

"काकू, तुम्ही आत्ता काय केलंत?"

"मी? मी कुठं काय करते? धरून बसते नुसती," मालन म्हणाली. मग स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. तिची बोटं नवऱ्याच्या खांद्यात रुतलेली होती, पट्ट्याच्या चकतीवर.

अफसानाने ते दोघांना जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं सांगितलं. मालन मागून रस्ता बघत असते. खड्डा दिसला की तिचा हात आपोआप खांदा दाबतो, कारण एरवी मांडीवर काच असते. संगणकाला रामलिंगच्या अशक्त स्नायूंच्या बारीक तरंगापेक्षा चकती दाबली गेली की उठणारा तो ठसठशीत तरंग सोपा वाटला. त्याने तोच धरला. "गाडी तुमच्याकडून नाही शिकली, काका. काकूंकडून शिकली. आणि मला वाटतं, तुमचं अंगही इतकी वर्षं त्याच हाताची वाट बघत होतं. हात दाबला की पाठ ताठायची. तुम्हाला ते कळायचंही नाही."

रामलिंगच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे इतकी वर्षं गाडी ही चालवत हुती?"

"तसं नव्हं," मालन घाईने म्हणाली.

पण तो परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसला. रागाचा भर ओसरल्यावर त्याच्या मनात नको ते येऊ लागलं. पेटीतली एकही बांगडी न वाढलेली ती सगळी वर्षं मालन मागे होती. म्हैस आडवी आली त्या दिवशी मागे कुणी नव्हतं. त्याने म्हशीला किती शिव्या घातल्या होत्या, रस्त्याला घातल्या होत्या. आता कुणाला घालाव्यात ते समजेना. घरी पोचल्यावर मालनने त्याच्या सदऱ्याची बटणं काढली तेव्हा तो तिच्या नजरेला नजर देऊ शकला नाही.

दुसऱ्या दिवशी अफसानाचा फोन आला. एक वाट होती. नव्या नियमात सहायकासह परवाना मिळत होता. मालन मागे असेल तरच गाडी चालवायची, एवढी अट. अर्ज केला की आठवड्यात हातात. दुसरी वाट म्हणजे संगणकाचं सगळं शिकलेलं पुसायचं आणि रामलिंगच्या एकट्याच्या पाठीवरून पहिल्यापासून शिकवायचं. त्याचे तरंग पुरेसे उमटतील याची खात्री तिला देता येत नव्हती. आणि एकदा पुसलं की मालनचा हात गाडी कायमची विसरणार होती.

"पहिलीच वाट," रामलिंग ताबडतोब म्हणाला. "हिच्याशिवाय मला कुठं जायचंय?" अपमान गिळून झाला होता, आता गाडी मिळतेय हेच खूप होतं.

"पुसा," मालन फोनकडे वाकून म्हणाली.

"अगं येडी हायस का? लगीनसराई तोंडावर आलीया."

"मला मागं बसल्या बसल्या चक्कर आली, तर गाडी कोण थांबवणार? मला ताप चढला आन दवाखान्यात न्यायची पाळी आली तर? मी शुद्धीत असले तरच तुमचा ब्रेक लागणार व्हय?" मालनने फोन आपल्याकडे ओढला. "दिवाळीच्या आधी मी न्हवते मागं. त्या दिवशी तुमाला शेतातनं उचलून आणलं. पुन्यांदा न्हाई बघायचं मला ते. मी नसताना बी गाडी थांबाय पायजे. पुसा, पोरी."

अफसानाने पुसलं.

पहिला आठवडा वाया गेला. मालन मागे बसून हात मांडीवर ठेवायची, पण दगड दिसला की हात आपसूक खांद्यावर जायचा. तिला खाली उतरवलं तर रामलिंगच्या पाठीत काही हलेना. अफसानाच्या पडद्यावरची, तरंग दाखवणारी रेघ सपाटच्या सपाट. त्याला ब्रेक मारायचा असायचा, मनातून तो मारायचाही, पण अंग त्या हाताची वाट बघत बसायचं. "मॅडम, माझ्यात काय उरलंच न्हाई," तो एकदा म्हणाला, आणि अफसानाने विषय बदलला.

मग एका सकाळी मालन पेटी घेऊनच केंद्रावर आली. गाडीवर बसली, पेटी उघडी करून मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरली. आत हिरवी काच ओळीने लावलेली होती. "माझे हात रिकामे असत्यात म्हणून जात्यात तिकडं," ती म्हणाली. "आता पेटी सोडली तर समदं खाली येईल. चला."

गाडी निघाली. पहिलाच दगड आला, पाय उशिरा उठला, आणि पाठीमागे काच खळकन वाजली. रामलिंगने तो आवाज लहानपणापासून ऐकला होता, पण स्वतःच्या गाडीवर कधीच नाही. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

"वाढल्या," मालन शांतपणे म्हणाली. "चला पुढं."

पुढच्या खड्ड्याला खांदा दाबणारं कुणी नव्हतं. मागे काच होती आणि काच धरून बसलेली बायको होती, आणि त्या दोघींना सांभाळायला या घटकेला तो एकटाच होता. खड्डा जवळ आला. रामलिंगची पाठ मानेपासून कमरेपर्यंत ताठली. झाडाखाली पडद्यावर नजर लावून बसलेली अफसाना ताडकन उठून उभी राहिली. सपाट रेघेवर छोटासा, पण स्पष्ट उंचवटा आला होता, आणि तो त्याचा स्वतःचा होता.

त्या दिवशी बऱ्याच बांगड्या वाढल्या. दुसऱ्या दिवशी कमी. अफसानाने खांद्यावरच्या चकत्या काढून सगळ्या पाठीच्या खालच्या भागात नेल्या, म्हणजे कुणाच्या हाताचा दाब मध्ये यायलाच नको. आठवडा सरता सरता पेटीत काही वाजेनासं झालं. मग मालन उतरली आणि रिकाम्या सीटनिशी गाडी चालवून झाली. एकदा जागी झालेली पाठ पुन्हा झोपली नाही. हेरवाडकरांच्या मैदानावर रबरी पिंप घरंगळत आलं, आणि गाडी त्याच्या वीतभर अलीकडे उभी राहिली. साहेबांनी मान डोलावली. रामलिंगचा जीव भांड्यात पडला. त्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण ते काही जमणारं नव्हतं.

चैत्र संपता संपता एका वाडीवरून चुड्याचं बोलावणं आलं. एसटी न जाणारी वाडी. मालनने पेटी घट्ट बांधून सीटवर मध्ये ठेवली, मागे बसली आणि एक हात पेटीवर, एक रामलिंगच्या खांद्यावर ठेवला.

"आता त्याचा काय उपेग न्हाई," रामलिंग हसून म्हणाला. "गाडीला तुझा हात कळत न्हाई."

"म्हाईत हाय. सवय हाय ती," मालन म्हणाली.

वाडीचा रस्ता काजूच्या बागांतून जात होता. सावली आणि ऊन असं काही मिसळलं होतं की डोळे चांगले असून उपयोग नव्हता. रामलिंग लग्नघरच्या जेवणाचा विचार करत होता. तेवढ्यात मालनची बोटं खांद्यात रुतली.

गाडी थांबली नाही. गाडीला काही कळलंच नव्हतं. पण रामलिंगला कळलं. इतक्या वर्षांत प्रथमच त्याला तो हात हात म्हणून जाणवला, अंगठा कुठं आहे, करंगळी कुठं आहे, ते सुद्धा. त्याने समोर निरखून बघितलं, सावलीतला काळा पट्टा त्याला दिसला, पाठ ताठली, आणि गाडी उभी राहिली. पुढच्या चाकासमोर पाण्याच्या पाइपासाठी रस्ता आडवा खणून ठेवला होता. चर चांगला गुडघाभर खोल होता. वाळलेल्या पाचोळ्याने तो अर्धामुर्धा झाकला गेला होता.

मग रामलिंगने गाडी स्टँडवर लावली आणि उतरला.

"काय झालं? मान दुखतीया का?" मालनने घाबरून विचारलं.

चुडा भरून झाला की बायका कासारणीला नमस्कार करतात. नवरी करते, नवरीची आई करते, शेजारणीपाजारणी आपापली बांगडी भरून झाली की वाकतात. गावोगावच्या अंगणांत रामलिंगने हे हजारदा पाहिलं होतं, गाडीला टेकून, घाई करत. आज त्याला हात जोडायचे होते आणि बोटं जुळत नव्हती. म्हणून तो गाडीशेजारी वाकला, आणि मालनचा हात जिथे पेटीवर होता तिथे त्यावर त्याने कपाळ टेकवलं.

"अहो, हे काय? कुणी बघंल."

"बघू दे," तो तसाच वाकून म्हणाला. "ह्यो नमस्कार लई वर्सं ऱ्हायला हुता. तू राखलंस मला, मालन. मला कळलंच न्हाई."

मालनने दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि लगेच काढून घेतला, कारण डोळे पुसायला तोच मोकळा होता. मग ती गाडीवरून उतरली, पेटी सोडून कडेवर घेतली आणि चर ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिली.

"आता गाडी कडेच्या बांधावरनं हळू आणा," ती म्हणाली. "नवरी खोळंबली असंल."